भाव पंपावर ठरतो, खर्च पत्त्यावर

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आहे. वाण्याकडे मिळते तसली, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात चार रकाने आखलेत: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. पंपावरचा मुलगा "मॅडम, झिरो बघा" म्हणतो, मी झिरो बघते आणि टाकी फुल करायला सांगते. नोझल आपोआप कट झालं की तिथेच थांबवते. "राउंड फिगर करू का?" याला ठाम नकार. मग ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी पुन्हा टाकी फुल करायची आणि मधल्या किलोमीटरना या वेळी मावलेल्या लिटरनी भागायचं. गाडीचं खरं ॲव्हरेज कळायला याहून सोपी पद्धत नाही. नवरा या वहीला "तुझी बीपीची डायरी" म्हणतो.

वहीतले दोन आकडे बघा. नाशिकला जाऊन आलो तेव्हा लिटरला 18. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या वाघबीळहून नवी मुंबईत महाप्याला ऑफिसला जाण्या-येण्याचं, महिनाभराचं: लिटरला 11. गाडी तीच, पेट्रोल तेच, चालवणारीही मीच.

मध्यंतरी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पेट्रोल शंभरीपार गेलं, तरी घोडबंदर रोडवरची एक गाडी कमी झाली का? अगं, लोकांकडे पैसा आहे, दुसरं काय!" माझा मजला आला, उत्तर राहून गेलं. तेच आता सविस्तर लिहिते आहे, कारण काकांच्या वाक्याचा पहिला भाग खरा आहे आणि दुसरा सपशेल चूक.

एका लिटरचा हिशेब

आधी भाव बघू. 2025 च्या मध्यात मुंबई-ठाण्याकडे पेट्रोल 103 रुपये 50 पैशांच्या आसपास होतं. भाव पुढे-मागे होत राहतील, पण तो बनतो कसा हे या आकड्यावरून नीट कळतं.

सगळ्यात तळाशी कच्चं तेल. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो, आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजतो. जगात हे तेल पिंपाच्या हिशेबाने विकलं जातं. एका पिंपात 159 लिटर. पिंप 70 डॉलरला आणि डॉलर 86 रुपयांना धरला, तर पिंप 6,020 रुपयांना पडतं, म्हणजे लिटरला साधारण 38 रुपये. (रुपया घसरला की अरबस्तानात काहीही न घडता हे 38 वाढतात, हे लक्षात असू द्या.) त्यावर जहाजाचं भाडं, रिफायनरीचा खर्च, पाइपलाइन, टँकर आणि तेल कंपनीचा नफा धरून पंपमालकाला पेट्रोल मिळतं सुमारे 52 रुपयांना. त्याचं कमिशन साधारण सव्वाचार-साडेचार रुपये. इथपर्यंत झाले जेमतेम 57.

आता कर. केंद्राचं उत्पादन शुल्क तेव्हा लिटरला 21 रुपये 90 पैसे होतं. बेरीज झाली 78 रुपये 70 पैसे. यावर महाराष्ट्राचा 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरला सरसकट 5 रुपये 12 पैसे, मिळून 24 रुपये 80 पैसे. झाले 103 रुपये 50 पैसे. करांचा वाटा 46 रुपये 70 पैसे, म्हणजे शंभरातले पंचेचाळीस.

या हिशेबात दोन गमती आहेत. पहिली अशी की राज्याचा व्हॅट नुसत्या पेट्रोलवर बसत नाही, केंद्राचं शुल्क मिळवल्यानंतरच्या रकमेवर बसतो. म्हणजे आपण करावरही कर भरतो. दुसरी गंमत जास्त मुरलेली आहे. केंद्राचं शुल्क रुपयांत ठरलेलं असतं, राज्याचा व्हॅट टक्क्यांत. तेल दहा रुपयांनी महागलं तर केंद्राला एक पैसाही जास्त मिळत नाही. राज्याला मात्र काही न करता लिटरमागे अडीच रुपये वाढवून मिळतात. उलट केंद्राच्या त्या 21.90 पैकी राज्यांशी वाटून घ्यावं लागतं ते फक्त 1 रुपया 40 पैशांचं मूळ शुल्क. उरलेलं सगळं उपकर आणि विशेष शुल्काच्या नावाखाली येतं, ते दिल्लीतच राहतं. त्यामुळे भाव भडकला की दिल्ली मुंबईकडे बोट दाखवते आणि मुंबई दिल्लीकडे, आणि दोघांचंही बोट थोडं थोडं बरोबर असतं.

पेट्रोलचा भाव 2010 मध्ये आणि डिझेलचा 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला. 16 जून 2017 पासून तर तो रोज सकाळी सहाला बदलतो, असं आपण ऐकून आहोत. नियम तसाच आहे. घडलं काय ते बघा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा मे महिन्यात केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये शुल्क वाढवलं. जगात तेल स्वस्त झालं, पंपावर नाही. मग 2022 च्या एप्रिलमध्ये मुंबईत पेट्रोल 120 रुपये 51 पैशांपर्यंत चढलं. मे महिन्यात केंद्राने शुल्क कमी केलं, भाव 111.35 झाला. जुलैत राज्याने कर उतरवला, 106.31. मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, कंपन्यांनी दोन रुपये सोडले आणि भाव 104.21 वर आला. त्याच वर्षी जुलैत मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा व्हॅट 26 वरून 25 टक्के झाला आणि अजून साठ-सत्तर पैसे उतरले. एप्रिल 2025 मध्ये केंद्राने शुल्क दोन रुपयांनी वाढवलं, पण तेल उतरलेलं असल्याने पंपावरचा आकडा हललाच नाही. रोज बदलणारा म्हणवणारा भाव असा वर्षानुवर्षं एका जागी बसून होता. मध्ये मोठी उशी ठेवल्यासारखं आहे हे: वरून दणका बसला तरी खाली कमी जाणवतो, आणि वरचं ओझं उतरलं तरी खाली हलकं वाटत नाही.

जीएसटीत का आणत नाहीत, हे सगळेच विचारतात. कायद्यात जागा करून ठेवलेली आहे. कधी आणायचं ते जीएसटी परिषदेने ठरवायचं आहे. 1 जुलै 2017 पासून ते ठरलेलं नाही. राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येईल असे मोजकेच कर उरलेत, त्यातला हा चांगलाच दुभता. तो सोडायला कुणी राजी नाही. विषय संपला.

लिटर जातं कुठे

आता 18 आणि 11 मधला फरक. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या शंभर रुपयांतले शहरात वीस-पंचवीस रुपयेच चाकापर्यंत पोचतात. बाकी रेडिएटर तापवण्यात आणि सायलेन्सरमधून धुरात. त्या वीस-पंचवीसमध्येही आपण ढकलतो काय, तर एक टन लोखंड, आणि त्यात बसलेली साठ किलोची एक बाई.

मोकळ्या रस्त्यावर हा एक टन एकदा वेगात आला की थोड्या इंधनावर पळत राहतो. घोडबंदर रोडवर तसं होत नाही. मानपाड्याच्या पुलावरून उतरायचं, चाळीसचा वेग घ्यायचा आणि कापूरबावडीच्या रांगेत ब्रेक मारायचा. ब्रेक मारला म्हणजे मगाशी पेट्रोल जाळून कमावलेला वेग ब्रेक पॅड तापवण्यात घालवला. पुन्हा पहिला गिअर, पुन्हा तोच एक टन शून्यापासून. उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर याच रस्त्यावर, सर्व्हिस रोडच्या गाड्या याच रस्त्यात घुसणार, आणि मधोमध मेट्रोचे खांब. गाडी जागच्या जागी चालू असली तरी तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते, एसी असेल तर एकच्या जवळ. माझी रोजची उभी राहण्याची वेळ अर्धा तास धरली तरी चाळीस रुपये झाले. न हलता.

आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. उसाचं भलं झालं, परकीय चलन वाचलं, हे खरं. लिटरचा भाव तेवढा उतरवला असता तर माझी वहीही खूश झाली असती.

थोडक्यात, पंपावरचा बोर्ड सांगतो एका लिटरचा भाव. मला लागतो एका किलोमीटरचा. नाशिकच्या वाटेवर तो पावणेसहा रुपये पडतो, ऑफिसच्या वाटेवर 9 रुपये 40 पैसे. हा फरक ना केंद्राने केला, ना राज्याने, ना अरबांनी.

गाडी महाग, फेरी स्वस्त

माझं ऑफिस एका बाजूने साधारण 21 किलोमीटर. महिन्याला 22 दिवस. एकूण 924 किलोमीटर, 84 लिटर, 8,694 रुपये. गाडीच्या कर्जाचा हप्ता 12,900. विमा, सर्व्हिसिंग, टायर, ऑफिसकडचं पार्किंग हे सगळं महिन्यावर पसरलं तर साडेतीन हजार. मिळून पंचवीस हजार. यात पेट्रोल जेमतेम तिसरा हिस्सा.

इथे एक मेख आहे. हप्ता आणि विमा मी गाडी हलवली तरी जातात, बेसमेंटमध्ये कव्हर घालून ठेवली तरी जातात. त्यामुळे सकाळी चावी उचलताना डोक्यात ते पंचवीस हजार नसतात, फक्त त्या फेरीचं पेट्रोल असतं. गाडी घेणं हा महागडा निर्णय, पण एकदा घेतली की प्रत्येक फेरी स्वस्त वाटते. घरातल्या तिघांना ठाणे स्टेशनला जायचं असेल तर आमच्याकडून साधारण 8 किलोमीटर. रिक्षाचं मीटर फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपयांवर पडतं आणि दीड किलोमीटरनंतर किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. म्हणजे 137 रुपये. गाडीने पेट्रोल 75 चं. आता सांगा, कोण रिक्षाला हात करेल?

मागच्या पावसाळ्यात गाडी गॅरेजमध्ये होती तेव्हा चार दिवस मी ट्रेनने गेले. तो अनुभव सविस्तर सांगते, कारण सगळं उत्तर त्यात आहे.

सकाळी 7:40 ला घरातून निघाले. थांब्यावर पंधरा मिनिटं. बस आली, दाराला लोंबकळणारी माणसं घेऊन न थांबता गेली. मग शेअर रिक्षा. "स्टेशन, स्टेशन, चला ताई, एकच सीट!" ती सीट म्हणजे मागे चौथी, अर्धी आत, अर्धी बाहेर. छत्री मांडीवर, तिचं पाणी शेजारणीच्या चप्पलवर. कापूरबावडीला रांग रिक्षालाही तीच. स्टेशनला उतरून सॅटिसखालून, म्हणजे बससाठी बांधलेल्या उंच पुलाखालून, आत, पुलावरून दहा नंबरला. आणि इथे चक्क चमत्कार: नवी मुंबईला जाणारी ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळालं. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली. वीस मिनिटं. तिकीट दहा-पंधरा रुपयांचं. मग घणसोलीला बाहेर येऊन महाप्यासाठी पुन्हा शेअर रिक्षा, पुन्हा चौथी सीट भरेपर्यंत थांबणं. ऑफिसात पोचले 9:20 ला. एक तास चाळीस मिनिटं. गाडीने एक तास दहा लागतात.

हा वेळ मांडून बघा. ट्रेनने दहा-एक किलोमीटर वीस मिनिटांत कापले. उरलेल्या दहा-अकरा किलोमीटरना एक तास वीस मिनिटं लागली. रेल्वेने तिचं काम चोख केलं. सगळा घोळ तिच्या दोन टोकांना.

पैसे सुटले बरे. दोन्ही रिक्षा आणि तिकीट मिळून सत्तर-पंचाहत्तर रुपये. गाडीने एका बाजूचं पेट्रोल जवळजवळ 198 चं. फेरीमागे सव्वाशे वाचले. महिन्याच्या 44 फेऱ्यांचे 5,500 रुपये. गेले काय? फेरीमागे अर्धा तास, म्हणजे महिन्याला 22 तास. हे 22 तास म्हणजे मुलीचा अभ्यास, सासूबाईंची दवाखान्याची फेरी आणि रात्रीची भाजी वेळेवर. चार दिवसांनी गॅरेजवाल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्या रिंगला उचलला.

आता काकांच्या प्रश्नाकडे. समजा पेट्रोल उद्या लिटरला दहा रुपयांनी वाढलं. टीव्हीवर दिवसभर तेच चालेल. माझा महिन्याचा खर्च वाढेल 840 रुपयांनी. ट्रेनने गेल्यास वाचणारे साडेपाच हजार सव्वासहाच्या पुढे जातील; पण 22 तास 22 तासच राहतील. मी चिडेन, हॉटेलात जेवण एखाद्याने कमी करेन आणि गाडीनेच जाईन. अर्थशास्त्रात याला मागणी ताठर असणं म्हणतात: भाव ताणला तरी मागणी वाकत नाही. कारण खिशात पैसा आहे हे नाही. दुसरी वाटच धड नाही, हे आहे.

उलट समजा पेट्रोल आहे तिथेच राहिलं, आणि घराजवळच्या थांब्यावर आणि घणसोली स्टेशनबाहेर दर आठ मिनिटांनी आत पाय ठेवता येईल अशी बस आली. दोन्ही टोकांचा खोळंबा मिळून फेरीमागे वीस मिनिटं वाचतील. 22 तासांचे सात-साडेसात तास होतील. साडेसात तासांसाठी साडेपाच हजार? त्या हिशेबाचा मी विचार करेन. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे तरी करतील.

मात्र मी म्हणजे सगळे नव्हेत. हेच दहा रुपये दिवसभर स्कूटरवर पार्सलं पोचवणाऱ्या मुलाला वेगळे लागतात. त्याच्या कमाईतून पेट्रोल आधी जातं आणि पगार नंतर उरतो. आणि ज्याच्याकडे काहीच वाहन नाही तोही सुटत नाही, कारण वाशीच्या मार्केटला येणारी नाशिकची कोथिंबीर डिझेलवर येते.

रिक्षा सीएनजीवर चालतात म्हणून त्या या कटकटीतून बऱ्याच सुटल्यात. राज्याने एप्रिल 2022 मध्ये सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला, तेव्हापासून आमच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी पेट्रोल फारसं येत नाही. पण नोव्हेंबर 2025 मध्ये गॅसच्या मुख्य पाइपलाइनला इजा झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचे पंप कोरडे पडले, तेव्हा रांगेत उभा असलेला एक रिक्षावाला मला म्हणाला, "ताई, आज धंदा एकच, रांगेत उभं राहायचा." त्या दिवशी स्टेशन गाठायला माणसं चालत निघाली होती. एका नळीवर आपण किती उभे आहोत, ते तेव्हा दिसलं.

दहा लाखांचं घर

आता मूळ मुद्दा. हे 21 किलोमीटर आले कुठून?

2014 मध्ये आम्ही घर बघत फिरत होतो. स्टेशनजवळ नौपाड्यात, चरईत बजेट जमेना. स्टेशनपासून जसजसं लांब जाल तसतसा चौरस फुटाचा भाव उतरतो, हे काही गुपित नाही. माजिवड्यापुढे गेलो, मानपाड्यापुढे गेलो, वाघबीळला आकडा जमला. तेवढाच फ्लॅट, दहा लाखांनी स्वस्त, वर स्विमिंग पूल आणि खिडकीतून येऊरचा डोंगर. बँकेने पगाराच्या स्लिपा बघितल्या, सिबिल बघितला, जुनी कर्जं विचारली. स्टेशन किती लांब, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

दहा लाखांच्या गृहकर्जाचा हप्ता, साडेआठ टक्क्यांनी आणि वीस वर्षांसाठी, किती बसतो? 8,678 रुपये. माझं महिन्याचं पेट्रोल किती? 8,694.

हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा कॅल्क्युलेटर दोनदा दाबला. जे दहा लाख वाचवले म्हणून आम्ही पेढे वाटले, ते दर महिन्याला पंपावर फेडतो आहोत. आणि हे नुसतं पेट्रोल; गाडीचा हप्ता वेगळा. शिवाय घराचा हप्ता वीस वर्षांनी संपतो आणि घर आपलं होतं. पेट्रोलच्या हप्त्याला शेवटचा महिना नाही.

ठाण्याचं हे असं आधी नव्हतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी 34 किलोमीटर धावून ठाण्यालाच थांबली, आणि पुढे शंभर वर्षं शहर त्या स्टेशनभोवती चालत जाण्याच्या अंतरात वाढलं. साठच्या दशकात वागळे इस्टेट झाली, एमआयडीसीची पहिली वसाहत. कामगार किसननगरात, लोकमान्यनगरात राहत आणि पायी किंवा सायकलने भोंग्याला हजर होत. कारखाने गेले तिथे टॉवर आले, आणि टॉवर रस्त्याच्या कडेने लांबत लांबत गायमुखापर्यंत पोचले. रस्ता एकच, आणि त्याला समांतर रेल्वे नाही.

खाडीपलीकडची गोष्ट उलटी. नवी मुंबई कागदावर आधी आखली गेली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात कल्पना मांडली, 1970 मध्ये शहर उभारायला सिडको स्थापन झाली. एका लांब शहराऐवजी छोटे छोटे नोड, प्रत्येकात शाळा, बाजार, बाग, आणि नोडला स्टेशन. वाशीच्या जुन्या सेक्टरमध्ये आजही दूध-भाजीला गाडी काढणारा माणूस वेडा ठरेल. पण त्याच नवी मुंबईत ऑफिसं आहेत ती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, जुन्या औद्योगिक पट्ट्यात. राहणारी माणसं रुळांच्या एका बाजूला, काम दुसऱ्या बाजूला. स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटर, आणि ते दोन-तीन किलोमीटर चालण्यासाठी कुणी आखलेले नाहीत. फुटपाथ मध्येच संपतो आणि समोरून ट्रेलर येतो. महाप्याला माझ्याबरोबर काम करणारी कोपरखैरण्याची मुलगी घरापासून चार किलोमीटरवर आहे आणि स्कूटरने येते. विचारलं तर म्हणते, "अंतरासाठी नाही गं, रस्ता ओलांडायला."

मेट्रो आली की सुटेल, असं आमच्याकडे प्रत्येक जण म्हणतो. थोडं सुटेल. वडाळा-कासारवडवली ही चार नंबरची लाइन आमच्या दारावरून जाते, तिचं शेपूट पुढे गायमुखापर्यंत. सप्टेंबर 2025 मध्ये तिची चाचणीही झाली. माझा नवरा घाटकोपरला जातो, त्याचं काम होईल. माझं नाही, कारण ती ठाणे स्टेशनला जातच नाही, सरळ मुंबईकडे उतरते. आपले सगळे मोठे मार्ग अजून असं धरून चालतात की सकाळी सगळे मुंबईला जातात. नोकऱ्या मात्र ऐरोली, घणसोली, महाप्याला येऊन बसल्या. ठाण्याची 29 किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केली. ती स्टेशनला जोडेल, तेव्हा वाघबीळ ते महापे हा प्रवास रस्त्यावर न उतरता घणसोलीपर्यंत तरी होईल. लक्ष्य 2029 चं आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो, लोकल आणि वेगवेगळ्या शहरांच्या बस मिळून अकरा सेवांचं तिकीट एका ॲपवर आलं. चांगलं झालं. तिकीट एकत्र येतं, बस अजून एकत्र येत नाही. आणि त्याच्या वर्षभर आधी, 15 ऑक्टोबर 2024 ला, मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, ऐरोली आणि मुलुंड धरून. मलाही बरं वाटलं. टोल चुकवायला मी विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जायचे, पाऊस पडला की तिथे तळं. आता ऐरोली पुलावरून जाते. पण हिशेबाने बघाल तर गाडीची फेरी अजून स्वस्त झाली आणि शेअर रिक्षाची होती तेवढीच राहिली.

इलेक्ट्रिक गाडीचं विचाराल तर, पेट्रोलचा प्रश्न ती बराचसा मिटवते. कापूरबावडीचा नाही. शिवाय आमच्या सोसायटीत चार्जरचा विषय तीन सर्वसाधारण सभा चघळून झालाय.

त्यामुळे सध्या हातात उरतं ते भागाकार. 9 रुपये 40 पैशांना दोघांनी भागलं तर 4.70, चौघांनी भागलं तर 2.35, म्हणजे स्कूटरच्या भावात एसी गाडी. जूनपासून शेजारच्या टॉवरमधल्या दोघी माझ्याबरोबर येतात, एक रबाळ्याला उतरते, एक महाप्याला. वहीत मी पाचवा रकाना आखलाय: माणसं.

गेल्या आठवड्यात काका पुन्हा लिफ्टमध्ये भेटले. या वेळी मी तयार होते. दहा लाखांचा आणि 8,694 चा हिशेब त्यांना आठव्या मजल्यापर्यंत सांगून संपवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दार उघडलं तेव्हा म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं. आमच्या अमेयचं ऑफिस रबाळ्याला गेलंय सोमवारपासून. तुझ्या गाडीत एक सीट आहे ना अजून?"